जुनी डिझेल पिकअप, लाखोंची रनिंग: नागपुरात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

माझी पिकअप २०११ ची आहे. मीटरवर ३ लाख १२ हजार दिसते, खरी रनिंग त्याहून जास्त आहे, ते काहून ते शेवटच्या प्रश्नात सांगतो. सीझनमध्ये काटोल-नरखेडचा संत्रा कळमन्याच्या मंडीत टाकायचा, बाकी वेळ हिंगणा नाही तर बुटीबोरीचं जे भाडं मिळेल ते. मी मेकॅनिक नाही, पण गाडीखाली झोपून झोपून काही गोष्टी समजल्या आणि लोक विचारत राहतात म्हणून एकदाचं लिहून टाकलं. जुन्या गाडीवर पैसे लावायचा माझा क्रम एकच आहे, आधी कूलिंग, मग ऑइल, मग ब्रेक. हॉर्न, लायटिंग, पेंट हे सगळं त्याच्या नंतर.

१. किती किलोमीटर झाले की गाडी म्हातारी समजायची?

आकडा असा काही नाही. दीड लाखात इंजिन बसलेली गाडी पाहिली आणि चार लाखावर एकदाही न खोललेलं इंजिन पण पाहिलं. किलोमीटरपेक्षा इंजिन किती तास चाललं ते पहा. मंडीच्या गेटवर लाइनमध्ये दोन तास गाडी चालू ठेवून बसलात तर मीटर जागचं हलत नाही, पण ऑइल मात्र दोन तासांनी जुनं झालेलं राहते.

मी इतकंच मानतो की दोन लाखानंतर मॅन्युअलमधला नॉर्मल वापराचा तक्ता सोडायचा आणि हेवी वापराचा धरायचा. आणि रबराचं वेगळं आहे. होज, बेल्ट, बुश, सील हे किलोमीटरनं कमी आणि वयानं, उन्हानं जास्त मरतात, म्हणून कमी चाललेली दहा वर्षांची गाडी पण या बाबतीत म्हातारीच.

२. रोज सकाळी काय काय पाहायचं? टाइम नाही राहत भाऊ, थोडक्यात सांगा

पाच मिनिटं. स्टार्ट मारायच्या आधी डिपस्टिक, कूलंटची बाटली, चारही टायरवर एक नजर, ब्रेक पॅडल एकदा दाबून पाहणे, आणि गाडी पुढे घेतली की खाली जमिनीवर पाहणे. बस.

जमिनीवरून लय कळते. मी रात्री एक जुना खोका उघडून इंजिनखाली पसरवून ठेवतो. सकाळी त्याच्यावर काळा डाग म्हणजे इंजिन ऑइल, हिरवा किंवा गुलाबी आणि गोडसर वास म्हणजे कूलंट, जाडसर आणि गंधकासारखा वास मारते ते गिअर ऑइल, आणि चाकाच्या आतल्या बाजूनं ओघळ असेल तर ब्रेक ऑइल. हा शेवटचा डाग दिसला तर त्या दिवशी भाडं घेऊ नका, सरळ प्रश्न १४ वाचा.

३. इंजिन ऑइल किती किलोमीटरला बदलायचं? बुकमध्ये तर लांबचा आकडा दिला आहे

बुकमधला आकडा नव्या गाडीचा, चांगल्या रोडचा. आपल्याकडे लोड, धूळ आणि एप्रिल-मेची ४५ डिग्री. मी बुकच्या आकड्याच्या साधारण पाऊण भागावर बदलतो आणि फिल्टर दर वेळी नवीन, फिल्टर वाचवून कोणी श्रीमंत नाही झालं.

ग्रेड बुकमध्ये दिला तोच. जुन्या डिझेल पिकअपला बहुतेक १५डब्ल्यू-४० चालते, डब्यावर डिझेलचं सीआय-४ लिहिलेलं आहे का ते पाहून घ्या. पण गाडी बीएस-६ असेल, म्हणजे साधारण एप्रिल २०२० नंतरची, आणि तिला डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) असेल तर कमी राखवालं ऑइलच लागते, जुन्या गाडीचं उरलेलं ऑइल तिच्यात ओतू नका, डीपीएफ जाम होते.

आणि हो, ऑइल टाकल्यावर दोनशे किलोमीटरमध्ये काळं पडते म्हणून घाबरू नका. डिझेलचं ऑइल काळंच पडते, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. बोटावर घेतल्यावर खरखरीत लागते का, नाही तर दुधाच्या चहासारखं दिसते का, ते पहा. दुधाळ म्हणजे त्यात पाणी जाऊन राहिलं. गाडी जागेवर उभी करा आणि हेड गॅस्केट, ऑइल कूलर चेक करून घ्या.

४. ऑइल कमी होऊन राहिलं पण खाली एक थेंब नाही, जाते कुठे?

आधी खरंच कमी होते का ते मोजा. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, दर वेळी त्याच जागी. अर्ध्या लोकांची तक्रार इथेच संपते कारण ते कधी उतारावर पाहतात, कधी गाडी बंद केल्या केल्या.

खरंच कमी होत असेल तर ते जळून राहिलं (धुराचा रंग प्रश्न ९ मध्ये), किंवा टर्बोच्या सीलमधून जाऊन राहिलं, किंवा बऱ्याच पिकअपला अल्टरनेटरच्या मागे ब्रेकचा व्हॅक्यूम पंप राहते त्याचा सील गेला. हा तिसरा कोणी चेकच करत नाही. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं, पंपाचं ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरून चार्जिंग पण गेली, आणि आम्ही आठ दिवस बॅटरीवाल्याला शिव्या देत बसलो.

५. उन्हाळ्यात गाडी गरम होते, दर वर्षी तेच. नेमकं काय करू?

हा प्रश्न मार्चपासून नवतप्यापर्यंत रोज येते, म्हणून लांब लिहितो. नागपुरात पारा ४७ च्या वर गेलेला आहे, त्यात डांबराची गरमी वेगळी. नव्या गाडीत कूलिंगला थोडी ढील राहते, जुन्या गाडीत ती ढील चिखल आणि क्षारानं खाऊन टाकलेली राहते.

सुरुवात रेडिएटरच्या बाहेरून करा, आतून नाही. पंख्याच्या बाजूनं टॉर्च मारा आणि समोरून पहा, उजेड आरपार दिसला पाहिजे. माझ्या गाडीत एकदा खालची एक वीतभर पट्टी पूर्ण बंद होती, धूळ, किडे, संत्र्याची वाळलेली पानं आणि कापसाचा धागा, सगळं मिळून नमद्यासारखं झालं होतं. इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं पाणी मारा, कमी प्रेशरनं. सर्व्हिसिंग सेंटरचं जोरदार प्रेशर जवळून मारलं तर पात्या झोपतात आणि मग हवा जातच नाही. एसी असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फट पण साफ झाली पाहिजे, खरा कचरा तिथेच बसलेला राहते.

मग रेडिएटरची कॅप. दीड-दोनशे रुपयांची वस्तू आहे पण सिस्टीमचं प्रेशर तीच धरते, आणि प्रेशर असलं की कूलंट उशिरा उकळते. रबर कडक झालं की बदलून टाका, टेस्ट करत बसू नका. पंखा व्हिस्कस कपलिंगवाला असेल तर गरम इंजिन बंद करून, चावी काढून, हातानं फिरवून पहा, जड फिरला पाहिजे. गरगर फिरला तर कपलिंग गेलं.

कूलंटमध्ये बोअरचं पाणी टाकू नका हे मी किती लोकांना सांगितलं त्याचा हिशोब नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, चहाच्या भांड्याला जो पांढरा थर बसते तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसते. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट अर्धं-अर्धं, किंवा तयार मिक्स. "उन्हाळ्यात कूलंट कशाला, ते तर थंडीत गोठू नये म्हणून राहते" असं म्हणणारे भेटतात. कूलंट उकळण्याचा पॉइंट पण वाढवते आणि गंज पण रोखते, हे त्यांना सांगा.

रस्त्यात काटा लाल झाला तर साइडला घ्या. कूलंट वाहून गेलं नसेल तर हीटर फुल करा, गाडी थोडा वेळ न्यूट्रलमध्ये चालू राहू द्या आणि काटा उतरला की बंद करा. कूलंट वाहून गेलं असेल तर लगेच बंद. कॅपला कमीत कमी अर्धा तास हात लावायचा नाही, ओला कपडा टाकून पण नाही.

६. मेकॅनिक म्हणते थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी थंड राहीन. काढू का?

नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा वॉल्व्ह. माझा एका ठिकाणी काढला होता, मला न विचारता, आणि मी वर्षभर खुश होतो की काटा वर येतच नाही. अ‍ॅव्हरेज एक-दीडनं पडला तो डिझेलच्या क्वालिटीवर ढकलला. इंजिन बरोबर गरम झालं नाही तर डिझेल नीट जळत नाही, ऑइलमध्ये उतरते, आणि लायनर-रिंग लवकर घासतात. आणि गंमत म्हणजे काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की बायपासचा रस्ता कायम उघडा राहते, थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरते, म्हणजे भर लोडवर गाडी उलट जास्त गरम होते. नवीन टाका. गाडी तरी गरम होत असेल तर चूक प्रश्न ५ मधल्या कशात तरी आहे.

७. एअर फिल्टर हवा मारून किती वेळा वापरता येते?

एक-दोनदा, ते पण आतून बाहेर आणि हलक्या हवेनं. बाहेरून जोरात मारली तर धूळ कागदाच्या आत घुसते नाही तर कागद फाटते, आणि फाटलेला फिल्टर हा फिल्टर नसल्यापेक्षा बेकार कारण आपण निश्चिंत राहतो. फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा पाइप आतून बोटानं पुसून पहा, बोटाला माती लागली तर क्लिप किंवा पाइप फाटला आहे. खाणीत, उमरेडकडे जात असाल तर बुकचा आकडा विसरून जा आणि दर आठवड्याला उघडून पहा.

८. पावसाळ्यात गाडी झटके मारते, मध्येच बंद होते, डिझेलमध्ये पाणी असू शकते का?

असू शकते. डिझेल फिल्टरच्या खाली एक ड्रेनचा स्क्रू राहते, काचेच्या बाटलीत अर्धी वाटी सोडा आणि पाच मिनिटं तशीच ठेवा. पाणी खाली बसते, वर डिझेल, मध्ये स्पष्ट रेघ दिसते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे करतो मी. टाकी रात्रभर रिकामी ठेवू नका, वरच्या मोकळ्या जागेत वाफ जमून थेंब बनतात.

फिल्टर बदलल्यावर गाडी सुरू नाही होत असा फोन येते तेव्हा बहुतेक हवा धरलेली राहते. हातपंप कडक होईपर्यंत दाबा, मग सेल्फ मारा. दहा-दहा सेकंदच, मध्ये थांबत, नाही तर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही जाईल.

९. धूर निघते. कोणत्या रंगाचा म्हणजे काय?

काळा: डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर आणि टर्बोचे पाइप पहा, सरळ इंजेक्टरवर नका जाऊ. निळा: ऑइल जळून राहिलं, प्रश्न ४. पांढरा: सकाळी थोडा येऊन गेला तर ठीक, पण इंजिन गरम झाल्यावरही येत असेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट. पांढरा धूर आणि डोळ्याला झोंबणारा डिझेलचा वास असेल तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग.

चढावर लोड असताना जरा काळा धूर जुन्या गाडीला येते, त्याच्यावर पाच हजार खर्च करू नका.

१०. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरला एकाच हाय प्रेशर पाइपमधून डिझेल) गाडी आहे, इंजेक्टर खोलून साफ करू का? की ते बाटलीवालं औषध टाकू?

गाडी चांगली चालून राहिली तर हात लावू नका. शंका असेल तर आधी बॅक लीक टेस्ट करून घ्या, चार इंजेक्टरच्या रिटर्नला चार बाटल्या लावतात, ज्याची बाटली लवकर भरली तो खराब. इंजेक्टर बदलला तर बऱ्याच गाड्यांत त्याच्यावरचा कोड स्कॅनरनं ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) टाकावा लागते, नाही टाकला तर इंजिन खडखडते आणि लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट निघाला. औषधानं घासलेला इंजेक्टर भरून येत नाही, त्या पैशात डिझेल फिल्टर दोनदा बदलून होते.

एक गोष्ट सिरियसली घ्या. चालू इंजिनच्या हाय प्रेशर पाइपवर लीक शोधायला हात फिरवायचा नाही. तिथे १,००० बारच्या वर प्रेशर जाऊ शकते, बारीक धार कातडीतून आत घुसते, वरून फक्त टाचणीएवढं दिसते आणि आतून बोट सडते. पुठ्ठा फिरवून पहा. लागलंच तर दुखो न दुखो, मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला) कॅज्युअल्टीत जा आणि डिझेल आत गेलं हे स्पष्ट सांगा.

११. टर्बो किती चालते? शिट्टी वाजवून राहिला

ऑइल चांगलं असेल तर इंजिनाएवढा चालते. हायवेवरून आल्या आल्या बंद करू नका, मिनिटभर न्यूट्रलमध्ये ठेवा, म्हणजे गरम शाफ्टवर ऑइल जळून कोळसा होत नाही. शिट्टी नवीन असेल तर आधी पाइपची क्लिप पहा, मग शाफ्टचा प्ले (ढिलेपणा).

१२. टायमिंग बेल्ट आहे की चेन, कसं कळणार?

इंजिन नंबर घेऊन पार्टच्या दुकानात जा, अंदाज लावू नका. जुन्या काही डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनांत बेल्ट-चेनच्या जागी गिअर राहतात, तिथे टेन्शन नाही. बेल्ट असेल आणि जुन्या मालकाकडे बिल नसेल तर बेल्ट झालाच नाही असं धरा आणि टेन्शनरसकट बदला. तुटला तर बहुतेक डिझेलमध्ये पिस्टन वॉल्व्हला आदळते आणि हेडचं काम निघते.

१३. गिअरबॉक्स आणि क्राऊनचं (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरचं) ऑइल तर कधीच नाही बदललं, आता बदललं तर बिघडेल म्हणते

बिघडत नाही, आधीच बिघडलेलं दिसायला लागते. साधारण ४० हजाराला बदलायचं, आणि पुराच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर लगेच, कारण ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) पाणी आत जाते. ड्रेन खोलायच्या आधी भरायचा नट खोलून पहा, तोच जाम निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. ग्रेड बुकप्रमाणे. क्राऊनला बहुतेक जीएल-५ लागते, पण तेच ऑइल जीएल-४ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये टाकू नका, पितळी रिंग खाते. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस जुनं बाहेर येईपर्यंत मारा. रिव्हर्समधून पहिला टाकताना खालून "टक" आवाज येते ना, तो बहुतेक हाच.

१४. ब्रेक कमी लागते, पॅडल खाली जाते

पॅडल हळूहळू खाली जाते आणि लीक दिसत नाही म्हणजे मास्टर सिलिंडर. एका चाकाच्या आत ओलं म्हणजे व्हील सिलिंडर, आणि त्या चाकाचं ब्रेक लायनर ऑइल पिलेलं राहते, ते घासून परत नका लावू. पॅडल दगडासारखं कडक झालं तर व्हॅक्यूम, म्हणजे पुन्हा प्रश्न ४ मधला पंप. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढते, दोन वर्षांनी पूर्ण बदला. आणि उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणारे अजून आहेत, त्यांना सांगा की इंजिनासोबत ब्रेकची मदत पण बंद होते.

१५. उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवायची ना?

नाही बाप्पा, उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते आणि तेच वाकणं टायर गरम करते. समृद्धीवर सरळ सिमेंट रोडवर तासन्‌तास एका स्पीडनं गाडी पळते, तिथे हे जास्त जाणवते. सकाळी थंड टायरमध्ये लोडप्रमाणे पूर्ण हवा भरा, दुपारी गरम असताना काढू नका. बाजूवरचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गोटे (रबरावरची नक्षी) चांगले असले तरी सहा-सात वर्षांचा टायर पुढे लावू नका.

१६. स्प्रिंगमध्ये एक जादा पाटा टाकला तर जास्त माल भरता येते का?

पाटा जास्त झाला, अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चेसिस तेच राहिले ना? पासिंगपेक्षा जास्त वजन ते जास्त पाट्यानं कायदेशीर पण होत नाही. यू-बोल्ट मात्र पाट्याचं काम केल्यावर हजार किलोमीटरनं परत कसून घ्या, हे कोणी करत नाही आणि मग मेन पाटा मधोमध तुटते.

१७. दहा-पंधरा वर्षांची डिझेल गाडी बंद होते म्हणते, मग मेंटेनन्सवर पैसा काहून लावू?

दहा वर्षांचा नियम दिल्ली-एनसीआरचा आहे, नागपूरचा नाही. १५ वर्षांची सक्तीची अट सरकारी गाड्यांना आहे, १ एप्रिल २०२३ पासून. आपल्या पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस लागते. फिटनेस पास होते तोपर्यंत चालवा. पीयूसी बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना वर्षाची, त्याआधीच्यांना सहा महिन्यांची. फिटनेसच्या आधी ब्रेक, लाइट, स्टिअरिंगचा प्ले आणि धूर पाहून ठेवा.

१८. सीझन संपला की गाडी दोन-अडीच महिने उभी राहते, काय काळजी घेऊ?

जुनं काळं ऑइल भरून उभी नका ठेवू, आधी बदला. टाकी फुल, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला, हँडब्रेक सोडलेला आणि चाकाला दगड, नाही तर लायनर ड्रमला चिकटते. वायरिंग उंदीर खातात, विशेषतः शेतातल्या शेडमध्ये, म्हणून बोनेट आठवड्यातून एकदा उघडा. पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करणं काही कामाचं नाही, करायचं तर अर्धा तास चालवून आणा.

१९. मीटरच बंद आहे हो, मग किलोमीटर कसे मोजू?

हसू नका, जुन्या पिकअपमध्ये ही कॉमन गोष्ट आहे. माझं मीटर पण आठ महिने बंद होतं, म्हणून वर म्हटलं की खरी रनिंग जास्त आहे. डिझेलवरून मोजा. समजा अ‍ॅव्हरेज १२ चा आहे, तर ६०० लिटर म्हणजे ७,२०० किलोमीटर. मला तर ही पद्धत किलोमीटरपेक्षा बरोबर वाटते, कारण लाइनमध्ये उभं राहून जाळलेलं आणि लोडवर जास्त पिलेलं डिझेल पण यात धरलं जाते. मीटर दुरुस्त झाल्यावरही मी हेच करतो. पंपाच्या पावत्या डॅशबोर्डवर उन्हात आठ दिवसांत कोऱ्या होतात, म्हणून भरल्या भरल्या वहीत लिटर लिहितो, आणि बेरीज ६०० ला पोहोचली की त्या खाली लाल पेनानं रेघ मारून ऑइलचा डबा आणायला जातो.